वगळलेले पाच बिंदू

"वर फिकट रंगात दाखवलेले हे पाच बिंदू कुठले?" बाहेरगावाहून आलेल्या एका प्राध्यापकांनी विचारलं.

पडद्यावर माझा आलेख होता. माईकपाशी माझे पीएच.डी.चे गाईड. सर हसले. म्हणाले, "ते एका मेंढपाळानं बनवलेले नमुने. त्यांच्या हाताला मोजमाप कुठून असणार? पदार्थही विस्कळीत आणि माणूसही! आम्ही ते वगळलेत."

सभागृह हसलं.

मीही हसले.

तो मेंढपाळ शेवटच्या रांगेत बसला होता. पटका काढून मांडीवर ठेवलेला. तो माझा बाप.

परभणीतल्या आमच्या कॉलेजात ते चर्चासत्र होतं. ज्या पदार्थांच्या आत ओळीनं लागलेली रचना नसते, त्या 'विस्कळीत' पदार्थांचा अभ्यास करणारी माणसं जमली होती. कुणाची काच, कुणाचं प्लास्टिक. माझं जेन. जेन म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण; ते विणत नाहीत. मेंढीची लोकर पिंजून पसरायची, साबणाचं पाणी शिंपडायचं, गुंडाळायचं आणि तुडवत राहायचं. केस एकमेकांत असे गुंततात की ओढून सुटत नाहीत. लहानपणी आमच्या अंगणात मीही तुडवलंय. त्याच जेनाच्या पट्ट्या मी यंत्रात ताणून तोडत होते आणि किती जोरानं तुटतात ते मांडत होते. बाकीचे नमुने वालूरच्या बाजारातले. पाच मात्र माझ्या वडिलांच्या, आबांच्या हातचे. ते पाच तुटता तुटत नव्हते. सर म्हणाले, "काढ ते. रेघ बिघडते." मी ते हिशेबातून काढले, आलेखावर नुसते फिकट ठेवले. का म्हणून एकदाही विचारलं नाही.

"वडिलांना आण, पाहुण्यांना जेन दाखवू," हेही सरांनीच सांगितलं होतं. म्हणून आबा पहाटे चुडाव्याहून गाडीत बसून, जेन खांद्यावर टाकून आले होते. सकाळी ओळख करून देताना सर "एक स्थानिक मेंढपाळ" एवढंच म्हणाले. "हे माझे वडील" म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. मीच म्हणाले नाही.

जेवणाच्या सुट्टीत आबा पायऱ्यांवर जेन गुंडाळत होते.

"लोक कामून हासायलते गं?"

"दुसरंच काहीतरी होतं, आबा."

त्यांनी सुतळीची गाठ मारली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्याच जेनाचं बोलायलते. मला कळतंय तेवढं. बिघडलं का माझ्या हातून?"

मी खाली बसून जेनाला हात लावला.

"कोकरांची पहिली लोकर घातली होती मी त्याच्यात. इकायच्या जेनात न्हाई घालत. तुझ्या शाळंचं काम म्हणून घातली."

तोंडात मारल्यासारखं झालं. कोकराची लोकर बारीक आणि मऊ, ती जास्त घट्ट गुंतते. हे मला लहानपणापासून ठाऊक. कुठली लोकर, हे बाजारातल्या दुकानदाराला मी विचारलं होतं, वहीत लिहिलंही होतं. बापाला विचारलं नाही. अडाणी माणूस काय सांगणार, असं मलाही वाटत होतं. सरांचं वाक्य माझ्या पोटात आधीपासूनच होतं. या गोष्टीची लाज मला सरांच्या हसण्यापेक्षा जास्त वाटते.

"मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली हायेत, जातो मी," म्हणून आबा स्टेशनकडं निघाले. मी त्यांना थांबवलं नाही.

दुपारी मला पाच मिनिटं बोलायचं होतं. सर कानाशी येऊन म्हणाले, "आलेख आहे तसाच ठेव." मी लॅपटॉप उघडला आणि पाचही बिंदू ठळक काळे करून परत हिशेबात घेतले. रेघ बिघडली.

मी म्हणाले, "सकाळी वगळलेले हे बिंदू. ही चूक नाही. यांची लोकर वेगळी आहे, आणि ती मी नोंदवली नाही, ही चूक माझी. ज्यांनी हे जेन बनवलं त्यांना ते माहीत होतं. ते माझे वडील आहेत. सकाळी सगळे हसलात. मीही हसले."

कुणी टाळी वाजवली नाही. सर उठून बाहेर गेले. त्यानंतर माझ्या प्रबंधाची प्रकरणं त्यांच्या टेबलावर तशीच पडून आहेत.

घरी जाऊन मी आबांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तू बी हासलीस. मी बघितलं."

ते पुसायला माझ्याकडं काही नाही. माफी मागितली, त्यांनी मान हलवली, आणि मेंढरांकडं निघून गेले.

आता मी पहिल्यापासून नमुने गोळा करतेय. लोकर कुठली, कुणी पिंजली, कुणी तुडवली, सगळं विचारून लिहितेय. पहिल्या पानावर आबांचं नाव आहे. सरांनी निरोप पाठवलाय: ते नाव आणि ते पाच बिंदू काढले तर प्रबंधावर सही मिळेल.

काढणार नाही. सही नको.