तुळशीपाशी पुरलेली तार

रेडिओ घ्यायचा, हे आमच्या घरी एका संध्याकाळी ठरलं. त्याची तार कुठून कुठे न्यायची, हे ठरायला मात्र आठवडा गेला. आमगावहून बैलबंडीने आमच्या गावाला यायला अर्धी सकाळ जायची, आणि वीज तर अजून आमगावच्या वाटेलाही लागली नव्हती. आमचे हे शाळेत मास्तर होते. धानाची शेती माझे सासरे बघायचे, त्यांना मी मामाजी म्हणायचे. म्हणायचे म्हणजे मनात. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ओढून दाराआड उभं राहायचं आणि जे सांगायचं ते यांच्यामार्फत सांगायचं, अशी आमची रीत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यामुळे घरात बाई मी एकटीच, आणि भिंतीपलीकडे चुलत जाऊ.

त्या वर्षी धान बरं झालं. हे गोंदियाला गेले आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ घेऊन आले. दुकानदाराने यांच्यापुढे एरियलचे दोन प्रकार ठेवले होते. एक तांब्याची जाळी, फितीसारखी, खोलीतल्या खोलीत भिंतीवर ताणायची. दुसरी नुसती लांब तार, दोन उंच बांबूंना बांधायची, दोन्ही टोकांना चिनी मातीच्या गुट्ट्या. "गाँव में जाली से काम नहीं चलेगा मास्टरजी, तार ले जाओ," असं त्याने सांगितलं म्हणे. हे तार घेऊन आले. ती जाळी शेवटपर्यंत माझ्या मनातून गेली नाही, पण बायकोला विचारून एरियल घेणारा नवरा तेव्हा गोंदियातही मिळाला नसता.

बांबू घरच्याच बेटातले तोडले. एक घराच्या अंगाला पुरला, दुसरा गुरांच्या कोठ्याशी. सल्ला द्यायला निम्मं गाव हजर होतं. रेडिओचं केंद्र नागपूरला, म्हणून तारेचं टोक नागपूरकडे पाहिजे, असं बहुतेकांचं मत. ज्या गावाला जायचं त्या गावाकडे बैलाचं तोंड करावं लागतं, एवढंही मास्तरला कळू नये, असं एक जण यांच्या तोंडावर म्हणाला. यांनी दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे तार त्या दिशेला आडवी बांधली. आवाज लागला तेव्हा त्याच माणसाने सगळ्यांना सांगितलं की नागपूर जवळ आहे म्हणून चाललं, लांबचं गाव असतं तर दिसली असती गंमत.

पण खरा वाद पुढेच होता. रेडिओला आणखी एक तार असते, ती जमिनीत पुरायची. तिला सगळे अर्थिंग म्हणत. जमीन जितकी ओली तितका आवाज साफ, असं दुकानदाराने बजावलं होतं. घरात सदा ओली जागा एकच, न्हाणी. यांनी तिथे कुदळ घातलीच होती, तेवढ्यात मामाजी ओसरीवरून म्हणाले, "रोज संध्याकाळी ह्याच्यातून भजन येईन. त्याचं टोक न्हाणीच्या चिखलात नाही जाणार." मामाजी एकदा बोलले की घरात दुसरं कुणी बोलत नसे. विहीर लांब, बोडी म्हणजे शेतातलं तळं त्याहून लांब. कुदळ टेकवून हे नुसते उभे राहिले.

तेव्हा दाराआडून मीच हळूच यांना म्हटलं, "तुळशीले रोज पाणी पडते."

ही अक्कल माझी, दुसऱ्या कुणाची नाही. यांनी ते मामाजींच्या कानावर घातलं आणि त्यांनी मान डोलावली. लोखंड मात्र तुळशीपाशी चालणार नव्हतं, म्हणून देवघरातलं एक फुटकं तांब्याचं ताम्हन काढलं. यांनी त्याला तार घट्ट आवळली आणि वृंदावनाच्या पायाशी, जिथे पाणी झिरपून येतं तिथे, खोल पुरलं. देवाचं तांबं, तुळशीची माती. देवही खूश आणि नागपूरही खूश.

रोज संध्याकाळी अंगण भरू लागलं. बाजारभाव, शेतीच्या गोष्टी, मग भजन. पुरुष अंगणात, बायका भिंतीकडे, मी आत दिवा घेऊन. मला फार मजा वाटायची. सकाळी आंघोळ झाली की तुळशीला पाण्याचा गडवा ओतताना मी मुद्दाम एक जास्तीचा ओतायची. नागपूरला बसलेला तो माणूस माझ्या पाण्यावर बोलतो, असं मला वाटायचं. सासरी येऊन इतकी वर्षं झाली, पण त्या घरात मी काही चालवते असं पहिल्यांदाच वाटलं होतं.

मग चैत्र लागला. बांधांना भेगा पडल्या, अंगणातली माती सकाळी सारवली की दुपारी उलायची. आणि महिन्याचे माझे चार दिवस आले.

ते चार दिवस मागच्या पडवीत वेगळं बसायचं. देव, चूल, पाणी, तुळस, कशाला शिवायचं नाही. जाऊ मागच्या दाराने येई, भाकरी-भाजी करून जाई. तिला तिचं घर, तिची पोरं. आमच्या तुळशीकडे बघायला ती कुठून वेळ काढणार? पाचव्या दिवशी न्हाऊन मी आले की तुळशीची तहान भागणार, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं होतं. तुळशीने कधी तक्रार केली नव्हती.

रेडिओने केली. तिसऱ्या संध्याकाळी तो खरखरू लागला. भजनाऐवजी कुणी तरी कढईत लाह्या फोडतंय असा आवाज. कुणी म्हणे नागपुरातच बिघडलं, कुणी म्हणे बॅटरी संपली. हे कंदील घेऊन तारेच्या मागोमाग अंगणभर फिरले आणि शेवटी तुळशीपाशी वाकले. माती हातात घेतली, कोरडी ठाक. बादलीभर पाणी आणून ओतलं. थोड्या वेळात भजनाचे शब्द असे स्वच्छ झाले की अंगणातून वाहवा उठली.

इथेच हे थांबले असते तर बरं होतं. पण मास्तर ते मास्तर. सगळ्यांकडे तोंड करून यांनी समजावलं की अर्थिंग सुकलं म्हणून असं झालं, दोन-तीन दिवस तुळशीला पाणी पडलेलं दिसत नाही, ते रोज पडलं की खरखर होणार नाही. बोलता बोलता मध्येच यांचा आवाज खाली आला. अंगणात कुणी तरी खाकरलं. त्या घरात तुळशीला पाणी कोण घालतं, आणि ती कधी घालत नाही, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पडवीत बसून मी सगळं ऐकलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बायकांना या गोष्टी कळतच असत, त्याचं काही नव्हतं. पण ज्या पुरुषांसमोर मी पदराखालून डोळे वर करत नव्हते, त्यांना माझे दिवस आता रेडिओ सांगणार होता. पुढच्या महिन्यात त्याने सांगितलेच, कारण तुळशीला पाणी घालणं पुरुषाचं काम नव्हतं आणि हे खरखर झाल्यावरच बादली घेऊन उठत. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

मी यांना म्हटलं, तार न्हाणीत घ्या. हे म्हणाले, बाबांचा शब्द आहे. मी म्हटलं, मग कारण सांगा त्यांना. हे म्हणाले, "हे मी बाबांना कोणत्या तोंडानं सांगू? आणि लोक भजन ऐकायला येतात, तुझ्याकडे कोणाचं लक्ष आहे?" त्यावर मी यांच्याशी अबोला धरला. अबोला यांच्या लक्षात यायलाच दोन दिवस गेले.

पावसाळा आला आणि मला जरा श्वास मिळाला. जमीन चिखलाने भरलेली, रेडिओ महिनाभर सारखाच बोलायचा. मृगाची वाट शेतकरी बघतात, तशी त्या वर्षी मीही बघितली होती. पण दिवाळी झाली, धान कापलं, माती पुन्हा कोरडी झाली आणि रेडिओ पुन्हा माझ्या वाटेला लागला.

मला खरं काय सलत होतं ते सांगते. लग्नाला चौथं वर्ष सरत आलं होतं आणि माझी कूस उजवली नव्हती. दर महिन्याला मी आशा धरायची आणि दर महिन्याला ती मोडायची. ते रडणं निदान माझं एकटीचं होतं. पडवीतल्या अंधारात तोंड धुतलं की झालं. आता मात्र माझी आशा मोडली की अंगणात खरखर व्हायची, आणि मी डोळे पुसायच्या आत ते गावाला कळलेलं असायचं.

समोरच्या घरी एक म्हातारी काकी होती. मनाने वाईट नव्हती, पण तोंडाला कवाड नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी रेडिओ खरखरू लागला. हे बादली आणायला उठले. तेवढ्यात भरल्या अंगणात काकी म्हणाली, "रेडू खरखरून राहिला. म्हणजे सून बाहेर बसली. ह्याही महिन्यात काही नाही."

मला पडवीतून फक्त मामाजींची खाट करकरल्याचं ऐकू आलं. ते उठले, रेडिओ बंद केला, बॅटरी उतरली आहे म्हणाले आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. बॅटरी नवी होती. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून रडले. त्या रात्री मला तो रेडिओ, तार, बांबू, गुट्ट्या, सगळं विहिरीत टाकावंसं वाटलं.

सकाळी तांब्यातून पाणी पडल्याचा आवाज आला म्हणून मी पडवीच्या फटीतून पाहिलं. मामाजी ओल्या धोतराने तुळशीपुढे उभे होते आणि हातातला गडवा हळूहळू रिता करत होते. यांची बादली तारेसाठी असे; न्हाऊन, गडव्याने पुरुषाने तुळशीला पाणी घातलेलं त्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, या चार दिवसांपुरतंच मामाजी पाणी घालणार असतील, तर रेडिओपेक्षा ही दवंडी मोठी होईल.

पाचव्या दिवशी मी न्हाऊन गडवा घेऊन अंगणात आले. तुळस आधीच भिजलेली होती. मामाजी ओसरीवर बसले होते. माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुळशीचं आता माझ्याकडे राहू दे, माय. पाणीबी, दिवाबी. रोजचं."

रोजचं. तो एक शब्द ऐकला आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. माझे दिवस असोत की नसोत, तुळस रोज ओली राहणार होती. हातातला गडवा मी तसाच भरलेला आत नेला.

आणि खरंच रोज. चार लोक हसले. म्हातारा देवभोळा झाला म्हणाले, बायकांचं काम करून राहिला म्हणाले. मामाजींनी कुणाला कारण दिलं नाही. पाऊस लागल्यावर तरी थांबतील असं मला वाटलं होतं, कारण तेव्हा रेडिओला पाण्याची गरज नव्हती. पण आषाढातल्या मुसळधार पावसात, डोक्यावर घोंगडी घेऊन, पाण्यात उभ्या असलेल्या तुळशीला ते पाणी घालताना मी पाहिलं आहे. पावसाळ्यात थांबले असते, तर कशासाठी घालत होते ते गावाला उमगलं असतं. रस्त्याने जाणारे थबकून बघायचे. मी दाराआड उभी राहून हसायची आणि डोळे पुसायची.

रेडिओ पुन्हा खरखरला नाही. काकी रोज यायची, कान टवकारून बसायची, आणि भजन संपलं की काही तरी हरवल्यासारखी घरी जायची. मला महिन्यातले सगळे दिवस माझे वाटू लागले. आशा मोडायचीच, पण माझ्यापुरती मोडायची. तेवढंही खूप होतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझे दिवस चुकले. यांना सांगितलं. जावेला सांगितलं. बाहेर कुणाला पत्ता नाही. चौथा महिना लागल्यावर एका संध्याकाळी, रेडिओ सुरू असताना, मी स्वतः उठून भिंतीकडे बायकांत जाऊन बसले आणि काकीच्या कानात ती बातमी सांगितली. काकीने माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, आणि मग तिला रागच आला. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चौथा महिना लागला, आन् मले कसं काही कळलं नाही?"

मामाजी खाटेवर आडवे होते. कूस न बदलता म्हणाले, "रेडूनं सांगतलं नसन."

मी सासऱ्यांसमोर पहिल्यांदाच मोठ्याने हसले, पदर सावरायचंही भान राहिलं नाही. तुळशीपाशी त्यांनी लावलेला दिवा जळत होता आणि नागपूर अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.