डबल बेल

आमच्या मामाने बसची कंडक्टरकी सोडली आणि कॉलेजात नाव घातलं, तेही माझ्याच वर्गात. वर्गात मी तुझा कोणी नाही, असं त्याने मला आधीच बजावलं. ते माझ्या पथ्यावरच पडलं.

मामाला डिग्रीची फारशी पडलेली नव्हती. तरुणपणी हुकलेली टवाळकी त्याला करून घ्यायची होती. म्हणून त्याने भडक टी-शर्ट घेतला आणि शेवटच्या बाकावरच्या तीन टारगटांशेजारी ठाण मांडलं. पण तो आला की ते तिघे सावरून बसत, तोंडावर आलेली शिवी गिळत. कॅन्टीनमध्ये उठून खुर्ची देत, ‘काका, बसा’ म्हणत. मामाने त्यांना चहा पाजून पाहिला, चावट विनोद सांगून पाहिले. ते अदबीने हसले, बस्स. घरी येऊन मामा तोंड पाडून बसायचा. मला खरंच वाईट वाटायचं. मी हसायचे, ती गोष्ट वेगळी.

एका दुपारी इतिहासाचे सर शिकवता शिकवता थांबले. पान सापडेना. वर्ग चिडीचूप. मामाला डुलकी लागली होती. गाडी थांबलीय असं वाटून त्याचा हात आपोआप उठला आणि पेन बाकाच्या लोखंडी दांडीवर दोनदा आपटलं. टण टण. म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाने, चला, जाऊ द्या.

सर दचकले आणि हाताला लागेल ते पान घडाघडा वाचू लागले. वर्गात हसू फुटलं. काय झालं ते उमगल्यावर सरांनी सवयीने त्या तिघांना बाहेर काढलं.

मामा उभा राहिला. “सर, मी वाजवलं.”

“काका, या कार्ट्यांना पाठीशी घालू नका. बसा तुम्ही.”

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. जन्मात पहिली खोडी केली आणि तीही त्याच्या नावावर लागेना. त्याने पेन उचललं आणि सरांच्या डोळ्यांत बघत दांडीवर पुन्हा दोन टोले दिले.

सरांनी दाराकडे बोट केलं. “तुम्हीही.”

मामा छाती काढून बाहेर पडला. पाणी प्यायच्या निमित्ताने मीही मागोमाग सटकले. जिन्याच्या पायरीवर ते तिघे पोट धरून हसत होते. मामा समोर जाऊन उभा राहिला, तर उठून जागा द्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

“ए डबल बेल,” त्यातला एक म्हणाला, “बघत काय राहिलास? जा, चहा सांग.”

माझा पन्नाशी उलटलेला मामा पळतच गेला.