न खुळखुळणारी डबी
मोहफुलांचा गोडूस, आंबूस वास आला की मला टाळेबंदीतली ती सकाळ आठवते. एसटी बंद होती, माझ्या एचआयव्हीच्या गोळ्या भंडाऱ्याच्या दवाखान्यात होत्या आणि घरच्या डबीत तीनच उरल्या होत्या. बाहेर जायचा पास मागायचा तर गावात कारण सांगावं लागलं असतं, आणि नवरा गेल्यापासून आंबागडात मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. शेवटी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "परवा सकाळी मोहा वेचाले या." किल्ल्याखाली सारं गाव तोंड बांधून फुलं वेचत होतं, कोण कुठलं ते ओळखू येत नव्हतं, आणि त्यांच्यातच टोपली घेऊन बाई वाकलेल्या, मी डोळ्यांवरून ओळखलं! "एवढ्या दूर कायले आल्या जी?" मी हळूच विचारलं. "आजवर तुमचा एक दिवस खाडा नाही झाला, आता कायले होऊ द्याचा?" असं म्हणत त्यांनी आपली टोपली माझ्या टोपलीत रिकामी केली. फुलांसोबत तीन महिन्यांच्या तीन डब्या आल्या. मी जीव मुठीत धरून घरी निघाले, कारण चालताना गोळ्या खुळखुळतात आणि लोक विचारतात, पण आवाजच येईना. घरी झाकणं उघडली तर प्रत्येक डबीत कापूस गच्च भरलेला. आता एसटी सुरू आहे, मीच जाऊन गोळ्या आणते. पण त्या खुळखुळीची मला भीती वाटते हे मी बाईंना कधी सांगितलंच नव्हतं.