खांब मामाचे, तुळया पुतण्याच्या

लाकडावर माझ्या बायकोच्या मामाएवढा जीव जगात फक्त वाळवीचा. तारापूरला त्याचं घर, म्हणजे जुन्या धर्मशाळेचा उरलेला तुकडा. बंदरावर उतरलेली माणसं तिथं मुक्काम करायची. बंदर गेलं, माणसं गेली, पण मामाची धर्मशाळा काय बंद झाली नाय. दारात मीटर बघणारा आला तरी मामा विचारणार, "राहणार का पुढं जाणार?" लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला पण तेच विचारलं. मी लाजून "पुढं जाणार" म्हटलं, तर पाणी पाजून मला खरंच वाटेला लावला. बायको आत जेवत होती.

त्या घरात भिंती नावाला. सगळा भार सागाच्या खांबांवर, खांबांवर तुळया, तुळयांवर छप्पर. खिळा एक नाय. खांबाच्या डोक्यात खाच, तुळईच्या टोकाला जीभ, आणि दोघांतून आरपार लाकडी खुंटी. पाहुण्याला मामा आधी खांब दाखवणार, मग मामी. मामी म्हणायची, "मला वाळवी लागली असती तर माझ्याकडं बघितलं असतं यांनी."

मामाच्या आजोबांनी पोरांची वाटणी केली ती पण अशी. थोरल्याला खांब, धाकट्याला तुळया आणि छप्पर. एकाला सोडून दुसऱ्याला घर मोडता येऊ नये म्हणून. खांब मामाकडं आले. तुळया आल्या पुतण्याकडं. तो बोईसरला कंपनीत, सरावलीला भाड्याच्या खोलीत म्हातारी, बायको, पोरं घेऊन राहतो. एक दिवस तो लाकूडवाल्याला घेऊन आला.

"काका, माझ्या तुळया विकतो. खोली तरी स्वतःची होईल."

मामा हसला. "ने की. माझ्या खांबाला मात्र धक्का लागता कामा नये."

लाकूडवाल्यानं वर बघितलं. "चाचा, ऐसे नहीं निकलेगा. सब तोडना पडेगा. पुराना काम है, कच्चा होगा."

इथं मामानं गप बसायचं होतं. पण 'कच्चा' ऐकून त्याचं डोकं फिरलं. मोगरी घेऊन शिडीवर चढला. ओटीवरची कौलं आधीच उतरवलेली, तिथली छोटी तुळई धरायला मला खाली उभा केला. माझ्या डोक्याचा एवढाच उपयोग सासरवाडीला सापडलाय. मामानं खुंटीला टोला दिला, खुंटी अलगद बाहेर, तुळई माझ्या डोक्यावर. खांब हलला पण नाय.

"बघ," मामा वरून म्हणाला. "हाय काय ओरखडा?"

लाकूडवाल्यानं खांबावरून हात फिरवला. "नहीं चाचा, एकदम साफ." मग पुतण्याला म्हणाला, "तो परसों से निकालते हैं."

मला काय कळतंय. मी तुळईखालून म्हटलं, "मामा, जिंकलात की."

पुतण्या मान खाली घालून बोलला, "काका, तुमीच दाखवलंत."

"हो," मामा म्हणाला, आणि शिडीवरच बसून राहिला.

मामी आता आमच्याकडं दांडी गावाला हाय. मामा येत नाय. उघड्या खांबांच्या मधी ताडपत्री बांधून राहतो. पाऊस पडला की खांबांच्या डोक्यातल्या खाचांत पाणी साचतं, ते शिडी लावून फडक्यानं टिपत बसतो. लाकूड कुजायला लागलंय, ते मला दिसतं, तर त्याला दिसत नसेल काय. परवा मी शिडी धरली होती. म्हटलं, "मामा, वर प्लास्टिक बांधू, नायतर सिमेंट भरू."

"नको," म्हणाला. "तुळई परत बसवायची झाली तर खाच मोकळी पाहिजे."

तुळया कापून हायवेच्या हॉटेलात टेबलं केलीत. मीच त्याला तिथं नेऊन दाखवलं होतं. मी शिडी धरून उभा राहिलो.