प्लिमथचा दगड आणि नागपूरच्या विहीणबाई

अमेरिकेत लेकीच्या गावाहून, श्रूजबरीहून, प्लिमथ बघायला निघताना गाडीत कोण कुठे बसणार हे कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरल्यासारखंच झालं. पुढे जावई चिन्मयराव आणि माझी लेक मधुरा. मागे मधोमध सात वर्षांची नात इरा, तिच्या एका बाजूला चिन्मयरावांच्या आई, म्हणजे आमच्या नागपूरच्या विहीणबाई, आणि दुसऱ्या बाजूला मी. बसल्याबसल्या इराने विहीणबाईंचा हात हातात घेतला. मी आपली पर्स धरून बसले.

अमेरिकेतल्या मराठी घरांत आजी-आजोबा पाळीपाळीने येतात. सहा महिने मुलाकडचे, सहा महिने मुलीकडचे. एकीची पाळी संपायची आणि दुसरीची सुरू व्हायची, यात मध्ये थोडे दिवस दोघी एकाच घरात सापडतात. मी नुकतीच पोचले होते आणि विहीणबाईंचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. पण तेवढ्या सहा महिन्यांत त्यांनी पोरीवर असा काही ताबा मिळवला होता की त्या नुसत्या 'आजी' आणि मी 'सांगलीची आजी'. पत्ता फक्त मलाच जोडलेला.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. म्हटलं, नातीला अमेरिकेचा इतिहास आपण सांगू, तिथे तरी बाजी मारू.

पहिला थांबा ऑबर्न. तिथे एका हिरवळीवर दगडी खांब उभा आहे. द्रवरूप इंधनावर चालणारं जगातलं पहिलं रॉकेट इथून उडालं. उडालं म्हणजे जेमतेम अडीच सेकंद, आणि कोबीच्या वाफ्यात जाऊन आपटलं. ते उडवणाऱ्या प्राध्यापकांची वर्तमानपत्रांनी त्याआधीच यथेच्छ टिंगल केली होती. मी घसा खाकरून हे सगळं सांगायला लागले, तर इरा म्हणाली, "आय नो! आजीने मला ऑलरेडी दाखवलंय. इट फेल इन द कॅबेज."

"मागच्या महिन्यात आलो होतो ना जी आम्ही," विहीणबाई म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या, हेच मला जास्त लागलं.

"त्यांच्या कुठल्यातरी आंटचं फार्म होतं हे," चिन्मयराव म्हणाले.

"आंट म्हणजे आत्याच असंल," विहीणबाई लगेच म्हणाल्या. "भाच्याला असं रान मोकळं आत्याच देते बाप्पा."

"मावशी असेल," मी म्हणाले. "कोबीची नासाडी झाल्यावर न रागावणारी मावशीच असते."

खरं काय ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. पण आत्या ठरली तर वडिलांकडची सरशी आणि मावशी ठरली तर आईकडची, हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. मधुराने कपाळाला हात लावला आणि चिन्मयरावांनी गाडी सुरू केली.

मला त्या खांबाचाही हेवा वाटला. एका कोबीच्या वाफ्याची केवढी बडदास्त! आमच्याकडे शेकडो वर्षांपूर्वीचे वीरगळ (लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड) गोठ्याच्या पायरीला लावलेले मी पाहिलेत. यांच्याकडे इतिहास चिमूटभर, पण ठेवतात चांदीच्या डबीत. जळफळाट होतो अगदी.

प्लिमथपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपलची झाडं लालभडक झाली होती. बंदरापाशी बाकावर जेवायला बसलो. मधुरा आणि चिन्मयरावांनी क्लॅम चावडर (शिंपल्यांचं दाट, दुधाळ सूप) घेतलं. आम्हा दोघींना ते चालणारं नव्हतं, म्हणून डबे उघडले. विहीणबाईंच्या तिखटमिठाच्या पुऱ्या, माझे सांगलीहून आणलेले बेसनाचे लाडू. इराने पुऱ्यांचा फडशा पाडला. लाडवाचा एक तुकडा मोडून ती म्हणाली, "टू स्वीट." उरलेला लाडू मीच संपवला.

मग तो प्रसिद्ध दगड. विलायतेहून जहाजाने आलेल्या लोकांनी इथे पहिलं पाऊल ठेवलं म्हणतात. मला वाटलं होतं, चांगला मोठा खडक असेल. निघाला एवढासा, मधे भेगाळलेला, वर १६२० कोरलेलं. आलेल्या लोकांपैकी कुणीच या दगडाबद्दल लिहून ठेवलेलं नाही. शंभरावर वर्षांनी एका नव्वदीपुढच्या म्हाताऱ्याने सांगितलं की हाच तो. पण दगडाभोवती खांबांचा भव्य मंडप, खाली खोलगट जागेत तो दगड, आणि कठड्याला टेकून वाकून बघणारी माणसं. जवळच्या टेकडीवर, या लोकांच्या येण्याने ज्यांचं सगळं गेलं त्या मूळ रहिवाशांच्या दुःखाचीही पाटी आहे. हरलेल्यांचीही आठवण ठेवणाऱ्या त्या पाटीचा मला दगडाहून जास्त हेवा वाटला.

मंडपापाशी पोचलो आणि आम्ही दोघींनी एकाच वेळी बूट काढले. ठरवून नव्हे. खांब दिसले, पुढे लोक वाकलेले दिसले, पाय आपोआप मोकळे झाले. शेजारच्या एका गोऱ्या बाईंनी काळजीने विचारलं, "पाय दुखतायत का तुमचे?"

"नो," इरा हसत सुटली, "दे थिंक इट्स अ टेंपल!"

विहीणबाईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं आणि आम्हालाही हसू फुटलं. पण मग इरा खाली बसली आणि तिने विहीणबाईंच्या बुटांचे पट्टे लावून दिले. माझे मी लावले.

दुसऱ्या दिवशी बॉस्टनच्या विमानतळावर इरा रडली नाही. हात हलवला, आत जाणाऱ्या आजीकडे टाचा उंचावून बघत राहिली. रडू फुटलं ते परतीच्या रस्त्यावर. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने माझा हात ढकलला. "आय वॉन्ट आजी. आत्ता!"

मधुराचे डोळे भरले होते. चिन्मयराव गाडी चालवत होते, मान वळवत नव्हते. मग मीच विहीणबाईंना फोन लावला. खोटं कशाला सांगू, लागू नये असं एक क्षण वाटलं. लागला.

"काय झालं जी?" त्यांचा आवाज घाबरा झाला होता.

"काही नाही, तुमची नात बोलायची म्हणतेय," मी म्हणाले आणि फोन इराच्या हातात दिला.

इरा एकदम शांत झाली, कारण पलीकडून हुंदके यायला लागले होते. "डोन्ट क्राय आजी, डोन्ट क्राय," म्हणत ती फोनलाच थोपटत राहिली. घर येईपर्यंत तिने तो सोडला नाही, आणि मीही मागितला नाही.

एप्रिलमध्ये माझी पाळी संपेल. त्या दिवशी माझ्यासाठीही हिने एवढंच रडावं, बस्स. थोडं जास्त रडली तरी माझी हरकत नाही.