दोनशे बारा पुस्तकांची जप्ती

मी आयुष्यात एकदाच दरोडा घातला, तोही मुलांना वाचनाची गोडी लावण्याचं प्रशिक्षण घेऊन आल्याच्या दिवशीच.

तेव्हा मी पांढरकवड्याच्या एका शाळेत मास्तर होतो. अक्षर बरं म्हणून ग्रंथालय माझ्या गळ्यात पडलं. (ग्रंथालय म्हणजे एक कपाट. शाळेचं छप्पर गळायचं म्हणून तेही माझ्याच घरात!) एक जरी पुस्तक हरवलं तर जबाबदार मी, असं हेडमास्तरांनी लिहून घेतलं होतं. मग मी सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, त्यांवर नुसते नंबर टाकले आणि कुलूप लावलं. पाच वर्षांत एक पान फाटलं नाही. फाटणार कसं, उघडलं कुणी होतं!

अशा माणसाला सरकारने यवतमाळला तीन आठवड्यांच्या वर्गाला पाठवलं. तिथले सर टेबलावर हात आपटून सांगायचे, "कपाटं उघडा! फाटलेलं पुस्तक ही ग्रंथपालाला मिळालेली शाबासकी आहे!" मी हे वाक्य वहीत लाल शाईने लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. वर्गात पहिला आलो. (परीक्षा लेखी होती.)

शनिवारी दुपारी एसटीतून उतरून घरी आलो तर कपाट सताड उघडं. आत एक झुरळ आणि माझं रजिस्टर. पुस्तक एकही नाही!

"कमल! चोरी झाली!"

बायको चुलीपाशी भाकर थापत होती. "चोरी कायची? किल्ली तुमीच तं देऊन गेलते. मीच वाटले पुस्तकं."

"वाटले? कायले?"

"आपल्या सुशीनं एक काढलं. मंग तिच्या मैतरिणी आल्या. मंग त्यायचे भाऊ आले. मले वाटलं, तुमी हेच शिकाले गेले."

"अन् कव्हरं?"

"फेकली. चित्रं दिसत नव्हती पोराइले."

"कोणाला कोणतं दिलं ते लिहून तरी ठेवायचं!"

"मले लिहाले कधी शिकवलं तुमी?"

मी रजिस्टर उचललं आणि त्यावरचं झुरळ झटकलं.

तेवढ्यात शाळेचा शिपाई दारात आला. "मास्तर, सोमवारी तपासणीचे साहेब येऊन राह्यले. कपाट मोजणार हायत." माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती, आणि ती साहेबांच्या शेऱ्यावर लटकली होती. लाल शाईचं वाक्य मी वहीतच राहू दिलं आणि पिशवी उचलली.

नऊ वर्षांच्या सुशीला वाटाड्या करून मी दीड दिवसात सगळा गाव पिंजून काढला. एक पोरगा पुस्तक घेऊन कडुलिंबावर चढला, त्याला खालून नापास करण्याची धमकी दिली. तापाने फणफणलेल्या एका मुलीच्या उशाखालून दोन काढली. सुशी रडायला लागली, "बाबा, तिची दोनच पानं उरली हायत!"

"तेवढ्यात नोकरी जाते!" मी ओरडलो. त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही, नुसतं बोटाने घर दाखवू लागली.

रविवारी संध्याकाळपर्यंत दोनशे अकरा जमली. राहिलेलं एक तळ्यापलीकडच्या वस्तीत होतं. तिथली माणसं नुकतीच बौद्ध झाली होती. त्यांची मुलं माझ्या वर्गात रोज बसत, पण पाच वर्षांत मी तिकडे एकदाही फिरकलो नव्हतो. जप्तीला मात्र बरोबर पोचलो!

अंगणात पंधरा-वीस माणसं बसलेली, आणि मधोमध माझ्या वर्गातली शांता मोठ्याने वाचत होती. तिचा बाप सुकदेव कापसाच्या जिनात कामाला होता. तो लगबगीने उठला.

"बसा जी, गुरुजी. पोरगी रोज वाचून दाखवते. आता गोष्टीतला पोरगा इहिरीत पडला हाय."

"पुस्तक पाहिजे," मी उभ्यानेच म्हणालो. "तपासणी आहे."

शांताने हुज्जत घातली नाही. पुस्तक परकराला पुसून दोन्ही हातांनी मला दिलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"पुढं काय होते थे तं सांगून जा जी," एक म्हातारी म्हणाली.

मला त्या पुस्तकाचा नंबर पाठ होता. एकशे सत्तेचाळीस. आत काय आहे ते ठाऊक नव्हतं.

"तुमी बी नाई वाचलं?" शांताने विचारलं. तो टोमणा नव्हता, तिला खरंच नवल वाटलं होतं. मला फार लाज वाटली, पण पुस्तक काही मी परत केलं नाही.

सोमवारी साहेबांनी पुस्तकं मोजली आणि शेरा मारला, 'पुस्तके उत्तम स्थितीत.' माझी नोकरी पक्की झाली आणि कपाटाला पुन्हा कुलूप लागलं. हेडमास्तरांनी पेढे मागितले, मी वाटलेही. सुशीने पेढा घेतला नाही.

आठवडाभराने बायको म्हणाली, "थे इहिरीचं पुस्तक वाचा, अन् त्यायले सांगून या. तेवढं तं करा!"

वाचलं. वर्गात शिकवल्याप्रमाणे हातवारे बसवले, राजाचा आवाज वेगळा, म्हातारीचा वेगळा. रविवारी वस्तीत जाऊन घसा खाकरला. "तर मंडळी, तो मुलगा विहिरीतून—"

"थो तं कधीचाच निघाला जी," शांता म्हणाली. "आमी रोज थोडी थोडी बनवून राह्यलो. आता थो दुसऱ्या गावाले पोचला. तिथं एक राक्षस हाय. थो पोराइच्या गोष्टी कपाटात कोंडते, अन् कपाटावर बसून राह्यते."

सगळे हसले, माझ्याकडे न बघता.

"मग?" मी विचारलं. "शेवटी त्या राक्षसाचं काय होतं?"

"थे अजून ठरलं नाई, गुरुजी."

अख्ख्या अंगणात शेवट एकट्या मला ठाऊक होता. त्याची नोकरी पक्की होते!