चिंचगाव खुर्दचा टँकर

काही ऑफिसांत फायली साचतात, आमच्याकडं किस्से साचायचे! पुंडलिकनगरात दोन खोल्या, माणसं तीन: मालक देशपांडे सर, प्रोग्रॅमर साळवे आणि फोन उचलणारी मी. दुष्काळाची वर्षं. शहर पसरत होतं, पाणी आटत होतं, आणि कोणता टँकर कुठं जाणार हे आमचं मशीन ठरवायचं.

साळवे काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायचा. त्याचा एकच जप. "नाव दोन शब्दांचं असलं की दोन्हीकडून अवतरणचिन्हांचं कुंपण घाला. नाहीतर मधली मोकळी जागा दिसली की मशीनला वाटतं, नाव संपलं!" ऐकून ऐकून कान किटले होते.

*

सरांनी ते कधी मनावर घेतलं नाही. एकदा 'जुनी यादी' नावाची फाइल पुसायला गेले, कुंपणाविना. मशीननं 'जुनी' शोधली, सापडली नाही. मग 'यादी' शोधली. ती सापडली! सगळ्या वस्त्यांची चालू यादी साफ.

"अरे, मी जुनी म्हटलं होतं ना!" सर स्क्रीनवर ओरडले.

"त्याला कशाला रागावता सर? गरीब आहे ते," साळवे म्हणाला. यादी परत भरता भरता माझी बोटं दुखली.

*

मग सर कुंपण घालायला लागले, ते लईच. लोकांना निरोप होता: टँकर "उद्या नक्की" येईल. बाहेर कुंपण, आतही कुंपण! आतल्या चिन्हांनी बाहेरचं कुंपण मोडलं आणि निरोप गेला फक्त 'टँकर उद्या'.

टँकरवाल्या रशीदभाईंचा फोन आला. "मॅडम, पैली बार सच्चा मेसेज आया! नक्की तो कब्बी थाच नै!"

*

आतलं चिन्ह मशीननं कुंपण समजू नये म्हणून त्याच्या आधी तिरपी काडी द्यायची असते. साळवेनं उत्साहात जास्तीच्या काड्या दिल्या, आणि त्यातल्या दोन लोकांच्या मोबाइलवर पोचल्या.

गल्लीतल्या कुलकर्णीकाकू म्हणाल्या, "अगं, दोन काड्या आल्यात. म्हणजे दोन दिवसांनी का?"

"नाही हो काकू, उद्याच!"

टँकर आला दोन दिवसांनी. तेव्हापासून सगळी गल्ली काड्या मोजायला लागली.

*

पैठणकडं चिंचगाव बुद्रुक आणि चिंचगाव खुर्द अशी दोन गावं. एका दुपारी खुर्दहून एका बाईंचा फोन आला. नंबर टँकरवर लिहिलेला असायचा. मी स्पीकर लावला.

"तीन दिस झाले, टँकर नाय! बुद्रुकला डबल गेला म्हणं. लेकरं गढूळ पाणी पेत्यात. कोन बसतंय तुमच्या मशीनवर? त्याच्या मायला इचारते, असलं कसं पोरगं वाढवलं!"

डबा खाणाऱ्या साळवेचा घास हातातच राहिला. "आई आहे माझी," तो हळूच म्हणाला. पोरगा शहरात कॉम्प्युटरवर कामाला आहे, एवढंच तिला माहीत होतं.

सरांनी कमांड पाहिली. चिंचगाव खुर्द, कुंपणाविना! मशीननं नुसतं 'चिंचगाव' घेतलं आणि यादीतलं पहिलं चिंचगाव गाठलं, बुद्रुक. टाइप करणारा साळवेच.

सरांनी आपल्या मोबाइलवरून रशीदभाईंना फोन लावून टँकर खुर्दला काढायला लावला. साळवेकडं बघून मलाच रडू यायला लागलं.

तो फोनजवळ आला. "आई, मशीनवर मीच बसतो. माझीच चूक झाली."

पलीकडचा आवाज एकदम उतरला.

"तू व्हय?"

"व्हय."

"मंग सायबाला सांग, मशीन बिघडलंय."